पॅच बसला का?

आमच्या शहापूरच्या कॉम्प्युटर क्लासमधले किस्से मी मुद्दाम कधी जमवले नाहीत. माउसच्या गोळीला मळ साचायचा, तसे ते आपोआप साचत गेले. जुनं कुणी भेटलं की खरवडून काढायचे. त्यातला मोठा वाटा वैशालीचा आणि तिच्या पॅचचा.

वैशाली मुरबाडची. इंजिनिअर झाली आणि नोकरी शोधायची सोडून, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून चालवलेल्या एका कंपायलरमध्ये सुधारणा करत बसली. इंटरनेट माझ्या क्लासात, म्हणून रोज एसटीने शहापूरला यायची.

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा. "असं असेल तर हे, नाहीतर ते" असं आलं की प्रोसेसर फाट्यावर उभा राहतो. अंदाजाने वळतो, आणि चुकला की मागे फिरतो. वैशालीचं म्हणणं, वळूच नका. दोन्ही उत्तरं काढून ठेवा आणि लागेल ते उचला. ही सुधारणा, म्हणजे पॅच, तिने मेलने पाठवली. तपासणारा माणूस परदेशातला. आम्ही त्याला कधी पाहिलं नाही, पण ऊठसूट खोट काढायचा म्हणून त्याचं नाव आम्ही सासूबाई ठेवलं होतं.

* * *

वैशालीच्या वडिलांचं मुरबाडला पंक्चरचं दुकान. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "दिवालीपर्यंत काय ता कर. नायतर एमआयडीसीत क्लार्कची नोकरी हाय, तिथं जा."

त्यांना माहीत असलेला पॅच ट्यूबवर बसायचा. रोज संध्याकाळी विचारायचे, "पॅच बसला का गो?"

"नाय, बाबा."

"पान्यात बुडवून बघितलंस का? बुडबुडा येत आसल."

तेव्हापासून क्लासात टेस्टिंगला आम्ही सगळेच "पाण्यात बुडवणं" म्हणू लागलो.

* * *

एकदा दुपारी वडापाव की मिसळ, यावर एकमत होईना. वैशाली म्हणाली, "दोन्ही आना, मग ठरवू." माझ्याकडे शिकवणारा खर्डीचा बबन माझी मोटरसायकल काढून आधी सापगावला गेला, मिसळीसाठी. बऱ्याच वेळाने आला तो रिकाम्या हातांनी.

"तिथं हाटेलच नाय रे! रस्ता रुंद करायला पाडलंय. शोधत फिरलो, तवर इकडचे वडे संपले."

आम्ही त्याला हसतोय, तोच सासूबाईंचा मेल. "दोन्ही बाजूंची उत्तरं काढतेस, ठीक. पण मेमरीतल्या ज्या पत्त्यावर वाचायला जातेस, तिथे काही नसेलच तर?"

वैशालीचं हसू गेलं. तिच्या पॅचने अशा वेळी चांगला चालता प्रोग्राम आडवा पडत होता. उपाशीपोटी बसून तिने तो दुरुस्त केला. पत्त्याची खात्री नसेल, तर तिकडे फिरकायचंच नाही.

* * *

सासूबाईंची पुढची खोट अशी, की जो फाटा जवळजवळ नेहमी एकाच बाजूला वळतो, तिथे अंदाज बरोबरच येतो. मग दोन्ही उत्तरं कशाला?

वैशाली भडकली. बबन मात्र म्हणाला, "बरोबर हाय त्याचं. शहापूरला यायला मी खर्डीहून रोज गाडीनं आसनगावलाच उतरतो. मग उलट्या बाजूच्या कसाऱ्याचंबी तिकीट काढून ठेवू काय?"

दिवसभर ती त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पॅचमध्ये नवी अट आली: फाटा बेभरवशाचा असेल तरच. बबनला चहा मिळाला.

* * *

टेस्टला तास न् तास लागायचे आणि मध्येच लाईट जायची. वैशालीने कळवलं, "लोडशेडिंगमुळे रिझल्टला उशीर होतोय."

आता या मंडळींत मेमरीतून काही वाचण्यालाही लोडच म्हणतात. सासूबाईंनी सगळा पॅच पुन्हा वाचून काढला आणि लिहिलं, "लोड कुठून कमी केलेस? मला सापडत नाही. कल्पना मात्र चांगली आहे."

बबन म्हणाला, "त्याला सांग, वायरमनला इचार."

* * *

दिवाळी तोंडावर आली. सोमवारी एमआयडीसीत मुलाखत ठरली. वैशालीने शेवटची टेस्ट केली आणि घाईघाईत इंग्रजीत लिहून टाकलं, "पाण्यात बुडवून पाहिलं. बुडबुडा नाही."

लक्षात आलं तेव्हा मेल गेला होता. ती डोकं धरून बसली. "आता सासूबाई येडी समजनार मला." मलाही फार वाईट वाटलं. इतक्या महिन्यांची मेहनत, आणि शेवटी हे.

शनिवारी उत्तर आलं. तिने ते प्रिंट केलं आणि मी तिला मोटरसायकलवरून थेट मुरबाडला नेलं. वडील टबात ट्यूब दाबून बसले होते. तिने तिथेच उभं राहून मराठीत वाचून दाखवलं, "मीही पाण्यात बुडवून पाहिलं. बुडबुडा नाही. पॅच घेतला."

वडिलांनी हात पुसले. पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "सोमवारी कुठं जायचं नाय. आन तो मानूस पंक्चरवाला हाय, ह्या आधी सांगायचं नाय का गो?"