ग्लेनिसबाईंची उसवलेली शिवण

उत्तर इंग्लंडमधल्या थॉर्नशॉ गावच्या रग्बी लीग क्लबचे कपडे ग्लेनिस ऑल्डरॉइडबाई एकतीस वर्षं धूत होत्या. कपड्यांवरचा चिखल पाहून कोण किती पळाला, हे त्या अचूक सांगत. गेले तीन हंगाम चिखल बेताचाच होता. क्लबचे अध्यक्ष क्लिफर्ड याला 'संघाची नव्यानं बांधणी' म्हणत.

"तीन वर्षं नुसता पाया खणताय," बाई म्हणायच्या. "भिंत कधी उभी राहणार?"

मार्चमध्ये क्लिफर्डनी भिंतच आणली. पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरचा सेमिसी, ऑस्ट्रेलियात गाजलेला गडी. फोटोसाठी निम्मं गाव जमलं, आणि क्लबची सर्वांत मोठी जर्सी त्याच्या कानांशीच अडकली. दोघांनी ओढून ती काढली.

"धुऊन आटली वाटतं," क्लिफर्ड पुटपुटले.

"माझ्या हातून एकतीस वर्षांत काही आटलं नाही. आटला तो तुमचा संघ!"

बाईंनी दोन जर्सी कापून एक शिवली. क्लबनं दिलेल्या खोलीचं छत गळत होतं, म्हणून सेमिसीलाही घरी नेलं. तो मटणाची अख्खी तंगडी एकटा संपवी, मग भजनं गात भांडी घाशी. विधवा बाईंचं घर पुन्हा गजबजलं.

पहिल्याच सामन्यात तिघं त्याच्या जर्सीला लोंबकळले. तो तसाच पुढे चालला. टर्रकन शिवण उसवली, जर्सी तिघांच्या हातात राहिली आणि उघडाबंब सेमिसी रेषेपलीकडे चेंडू टेकवून आला. चौदा महिन्यांनी थॉर्नशॉ जिंकलं. गाव नाचत होतं. बाई मात्र तोंड लपवून बसल्या.

सेमिसी चिंध्या घेऊन आला. "मावशी, माफ करा. माझ्यामुळे फाटली."

"गप रे. माझाच धागा कुजका निघाला. सगळ्या गावासमोर अब्रू गेली!"

सोमवारी कर्णधार दारात. "बाई, आमच्याही शिवणी जरा सैल करा ना."

"मी शिवायला बसलेय, उसवायला नाही. निघ!"

त्या वर्षी संघ शेवटून दुसरा आला. क्लिफर्डनी त्यालाही प्रगती म्हटलं. एका मोठ्या क्लबनं सेमिसीला बोलावलं, बंगला देऊ केला. त्यानं थॉर्नशॉशीच आणखी दोन वर्षांचा करार केला. अट एकच, मुक्काम ग्लेनिसबाईंकडे.

ऐकून बाई नाक पुसत म्हणाल्या, "राहा. पण जिना हळू चढत जा. शेजारच्या एडिथला भूकंप झाल्यासारखं वाटतं."