टांग्यातून ऐकलेलं गाव

त्या दिवशी सकाळच्या छोट्या गाडीतून आमच्या स्टेशनवर एकच पाहुणा उतरला. साल सत्तावन्न की अठ्ठावन्न… माघ महिना होता एवढं पक्कं. पुलगाव-आर्वी लाइनीवरचं आमचं गाव, ना धड शहर ना खेडं. मी तेव्हा बावीस वर्षांचा, टांगा हाकायचो.

नागपूरचे साहेब. हातात चामडी बॅग, काखेत जाडजूड वही. म्हणाले, दिवसभर बाजारातून फिरव, दुपारच्या गाडीला परत सोड.

वाटेत त्यांनी मला विश्वासात घेतलं. विजेची लाइन आधी आमच्या गावाला द्यायची की शेजारच्या, ते ठरवायचं होतं. गावात धंदापाणी किती, वीज आली तर ती वापरणार कोण, हे पाहायला ते आले होते.

"पण कोणाजवळ बोलू नकोस हं. कळलं की लोक देखावा करतात."

मी शब्द दिला… पण या विजेत माझाही जीव अडकला होता.

कारण माझी घोडी, राणी. तिचा डावा डोळा गेला होता, उजव्यात फूल पडत होतं. फार तर आणखी एक हंगाम ओढला असता तिनं. पुलगावात एकाकडे जुनी मोटर पडून होती. तो म्हणालाच होता, तुमच्याकडे वीज आली की घेऊन जा, टाक पिठाची चक्की. वीज आली तर चक्की. नाही आली तर आंधळी घोडी आणि मी.

बाजारात पोचलो आणि पाहतो तर काय… निम्म्या दुकानांना फळ्या लागलेल्या! कापसाच्या गाड्या वेशीवरूनच माघारी फिरल्या होत्या. जिनिंगचा भोंगाही मुका. टांग्याच्या आधी बातमी पोचली होती. नागपूरचा माणूस, बॅग, वही… म्हणजे टॅक्सवाला! दुसरं कोण असणार?

आमचे गुलाबशेठ, कापडवाले. एरवी सोन्याच्या बटणांशिवाय दिसायचे नाहीत. त्या दिवशी फाटक्या बंडीत ओट्यावर बसलेले.

"धंदा कसा चाललाय?" साहेबांनी विचारलं.

"कायचा धंदा साहेब! माश्या मारून राह्यलो. चहाले साखर नाई घरात."

साहेबांची पेन्सिल वहीवर कुरकुरली. माझे कान पहिल्यापासून तिखट. ती कुरकुर मला दाढदुखीसारखी लागत होती.

शेठनी मला बाजूला ओढलं. "काय बे, टॅक्सवालाच आहे ना?"

"मले काय मालूम शेठ? मी सवारी आणतो."

"बराबर. चूप राहजो." आणि वर डोळा मारला. गाव वाचवल्याचा काय तो आनंद चेहऱ्यावर!

ओरडून सांगावंसं वाटत होतं… अहो, तुम्ही वीज हाकलून राह्यले! पण शब्द दिलेला. किराणावाला रडला, तेलवाला रडला, अडत्यानं तर मुलीचं लग्न मोडल्यागत तोंड केलं. सगळ्यांचं रडगाणं वहीत उतरत गेलं.

तीन वाजले. साहेबांनी वही मिटली. "गाव उतरणीला लागलंय रे. इथे वीज घेणार कोण? चल, स्टेशनवर."

राणीला मी वळवलं, पण स्टेशनकडे नाही… शिंप्यांच्या गल्लीत. तिथेही सगळी दारं बंद. टांगा मधोमध उभा केला. साहेब घड्याळाकडे बघत होते.

"साहेब, रागावू नका. माझी घोडी डोळ्यानं कमी, कानानं जास्त चालते. दोन मिनटं तुम्हीबी तसंच करा. डोळे मिटा."

चिडले. पण काय वाटलं कोण जाणे, मिटले.

आधी काहीच नाही. फक्त राणीचा श्वास. मग एका दाराआडून शिलाई मशीन खडखडलं. पलीकडून दुसरं… तिसरं. लग्नसराई होती ना! मागच्या बोळातून सोनाराची टुकटुक. त्याच्याही पलीकडे तांबटाचे ठोके, आणि तेलाच्या घाण्याचं करकरणं. बंद गाव आतून नुसतं घुमत होतं.

साहेब खाली उतरले. एका दारावर थाप मारली.

"कोण हाय? धंदा बंद हाय आज!" आतून शिंपी ओरडला… आणि हे ओरडताना त्याचं मशीन एक क्षणही थांबलं नाही.

साहेब इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "दारं काऊन बंद आहेत रे?" माझ्याशी पहिल्यांदाच नागपुरी बोलले.

"ते तुमच्या बॅगेले विचारा."

"तू सांगितलंस मी कोण ते?"

"नाई साहेब. तुम्ही कोण नाई, तेही नाई सांगितलं."

तेवढ्यात स्टेशनवरून गाडीची शिट्टी झाली. ही गाडी धरली तर वहीत लिहिलं ते तसंच राहणार. साहेबांनी वही उघडली, दिवसभराची पानं एका आडव्या रेघेनं कापली. म्हणाले, "आज मुक्काम. उद्या पुन्हा फिरव. आणि आज रात्री तुझ्या शेठला खुशाल सांग मी कोण ते."

सांगितलं. शेठनी त्याच रात्री दुकानादुकानांत निरोप धाडले. सकाळी सोन्याची बटणं परत आली.

पुढल्या वर्षी खांब आले. चक्की टाकली, त्या चक्कीवर पुढे सगळं उभं राहिलं. पहिली ज्वारी गुलाबशेठचीच. रांगेतल्या बायकांना सांगत होते, "या गावात वीज मीच आणली!" मी त्यांचं पीठ मोजून दिलं. गिऱ्हाईक होतं.

आता नव्वदीला टेकलोय, कानात मशीन आहे. त्या साहेबांचे आभार मानायचे राहिलेच. आणि त्यांच्याही आधी राणीचे. चक्की पहिल्यांदा घरघरली तेव्हा ती दारात बांधलेली होती. डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, पण कान ताठ झाले… मी तिच्या अंगावरचा साज उतरवला, तो पुन्हा कधी चढवला नाही.