पिणारी मीच

ठाण्याच्या कोपरीत शालनकडे साडी फॉल-पिकोला टाकली की दुसऱ्या दिवशी हातात मिळणार, अशी तिची ख्याती होती. मग साड्या आठवडा-आठवडा पडून राहायला लागल्या, टाका वाकडा जायला लागला. "शालनला बीपी आहे," तिचा नवरा महेंद्र गिऱ्हाइकांना सांगायचा. सासू म्हणायची, चक्कर येते. खरी गोष्ट अशी, की गर्भपिशवीचं ऑपरेशन झाल्यावर तिला झोप लागेना, तेव्हा महेंद्रच्या रविवारच्या बाटलीतून तिनं घोटभर घेतली होती. आता तिची स्वतःची बाटली शिलाई मशीनच्या खणात रिळांमागे असायची, आणि सकाळी चहाआधी ती लागायची. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. 'दारू' हा शब्द मात्र कुणी काढत नव्हतं.

एकदा ओट्याशीच कोसळली. डोक्याला टाके पडले. डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना बाहेर पाठवलं आणि सरळ विचारलं, "किती घेता?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं म्हणून शालन खरं बोलली. ॲडमिट करून घेतलं, औषधं झाली. सोडताना बाई म्हणाल्या, "आता दारू सोडलेल्यांचा ग्रुप शोधा. एकटीनं हे निभत नाही."

ठाण्यातच एका शाळेच्या वर्गात मीटिंग असते असं कळलं. शालन इस्त्रीची साडी नेसून गेली. दारातल्या गृहस्थांनी हात जोडले. "ताई, घरच्यांची मीटिंग मंगळवारी असते. आज पिणाऱ्यांची आहे, मिस्टरांना पाठवा."

"मिस्टर घरी आहेत. पिणारी मीच."

गृहस्थ गडबडले. "नाही, म्हणजे... दादरला लेडीजचा ग्रुप आहे. तिथे इंग्रजीत चालतं जरा."

"मराठीत प्यायले, ती इंग्रजीत सोडू?" म्हणत शालन आत जाऊन बसली. पण ती बसली आणि वर्ग अवघडला. घरात पाहुणी आल्यासारखे सगळे जपून बोलत राहिले आणि मीटिंग लवकर आटोपली. तिला कुणी काही विचारलं नाही. घरी येताना तिनं बाटली घेतली आणि दुपारीच संपवली.

दुसऱ्या दिवशी उठली ती भणभणत. स्वतःचा राग होताच, पण त्या 'मिस्टरांना पाठवा'चा जास्त होता. डॉक्टरीणबाईंकडून आणखी नंबर घेतले. कल्याणच्या ग्रुपचा फोन तिथल्या भिवाकाकांनी उचलला. आयुष्यभर बांधकामावर मुकादम होते, आवाज तसाच खणखणीत.

"बाई चालेल का तुमच्यात?" शालननं आधीच विचारून टाकलं.

"दारूला चालली ना? मग आम्हाला न चालायला काय झालं? शनिवारी या."

तिथेही एकजण कुरकुरलाच. "बायकांसमोर मोकळं बोलता येत नाही हो."

"मग मी बोलते मोकळं," शालन म्हणाली. "तुम्ही ऐका." आणि बोलली. लेकीच्या, अमृताच्या शाळेच्या गॅदरिंगला ती पिऊन गेली होती, आणि पोरीनं मैत्रिणींना सांगितलं होतं की ही आमची शेजारीण आहे. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. कुरकुरणारा मान खाली घालून बसला, पण उठून गेला नाही.

घरी महेंद्र भडकला. "परक्या पुरुषांत बसून दारूच्या गोष्टी? लोक काय म्हणतील?"

"मी पडायचे तेव्हा लोक आंधळे होते का? मी जाणार. आणि तुमची रविवारची बाटली या घरात नको."

"माझी काय चूक?"

"चूक नाही म्हणतेय मी. बाटली नको म्हणतेय."

महेंद्र आठवडाभर धुसफुसत होता. बाटली मात्र घरातून गेली.

मग टिटवाळ्याला नणंदेच्या नातवाचं बारसं आलं. बायका पाळण्याभोवती बसलेल्या. कुणीतरी विचारलं, शालन हल्ली दर शनिवारी कल्याणला का जाते? नणंद घाईघाईनं म्हणाली, "चक्कर येते ना तिला. डॉक्टर आहे तिकडे."

"चक्कर नाही," शालन म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "मी दारू प्यायचे. आता सोडलीय. सोडलेल्यांच्या ग्रुपला जाते."

पाळण्याची दोरी ओढणारा हात थांबला. नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला. अमृता समोरच होती. शालनला वाटलं, आता ही उठून जाणार. पोरगी उठली, आईशेजारी येऊन बसली आणि दोरी धरलेल्या बाईंना म्हणाली, "मावशी, थांबलात का? गाणं म्हणा ना."

त्यानंतर नणंदेकडून बोलावणं बंद झालं. पण एके दुपारी खडवलीहून सखुबाईंचा फोन आला. नात्यातल्या, साठी उलटलेल्या, बारशालाही होत्या. आधी हवापाणी झालं. मग हळूच म्हणाल्या, "तिथं बायांना घेतात व्हय गं?"

"घेत नाहीत, मावशी. आपण जाऊन बसायचं."

सखुबाई दोन शनिवार आल्या. कोपऱ्यात बसून डोक्यावरचा पदर सारखा करत राहिल्या. तिसऱ्या शनिवारी आल्याच नाहीत. फोनही उचलेनात. भिवाकाका म्हणाले, "येतील त्यांच्या मनानं, आपण ओढायचं नसतं."

"ओढत नाहीये," शालन पायात चपला सरकवत म्हणाली, "नुसती भेटून येते." आणि ती खडवलीला जायला कसाऱ्याच्या गाडीसाठी फलाटाकडे निघाली.