गेनॉर क्लेगचा न केलेला चहा

गेनॉर क्लेगने सिरिल एंटविसलचा जीव घेतला तो चांगल्या कडक, दूध घातलेल्या, दोन चमचे साखरेच्या चहाने. वर एक बिस्कीटही दिलं. हात आखडून काही करणं बाईच्या स्वभावातच नाही.

घाबरू नका, सिरिल ठणठणीत आहे. इंग्लंडातल्या आमच्या रॉचडेलच्या बाजारात टोपी तिरकी घालून अजून फिरतो. तो मेला फक्त परीक्षेच्या खोलीत. पण गेनॉरला नर्स व्हायचं होतं ना, आणि नर्सच्या परीक्षेत खोटा पेशंट मेला तरी नापासाचा शिक्का खराच बसतो.

गेनॉरचं निम्मं आयुष्य बस डेपोच्या कँटीनमध्ये गेलेलं. एका सकाळी एक ड्रायव्हर तिच्या काउंटरसमोर छाती धरून कोसळला. सगळे गेनॉरकडे बघायला लागले, कारण अडीअडचणीला सगळे गेनॉरकडेच बघायचे. आणि तिने काय करावं? चहा टाकला! अँब्युलन्सवाले आले, त्यांनी काय ते केलं, माणूस वाचला. गेनॉर मात्र कप हातात धरून तशीच उभी. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की घरी जाऊन ती नवऱ्याला म्हणाली, "ट्रेव्हर, मला चहाशिवाय दुसरं काहीतरी करता आलं पाहिजे."

"टोस्ट?" ट्रेव्हर म्हणाला. तोही बस ड्रायव्हरच. माणूस भला आहे, पण डोक्यात उजेड जरा उशिरा पडतो.

गेनॉरने नर्सिंगच्या पदवीला नाव घातलं. शाळेत गणितात आपटलेल्या आणि पोरंबाळं मोठी झाल्यावर पुन्हा वही उघडणाऱ्या लोकांसाठी त्या पदवीच्या आधी एक पायाचं वर्ष असतं. ते पार पडलं तर पुढची तीन वर्षं, नाहीतर परत कँटीन. तिने मोठ्या माणसांच्या नर्सिंगची शाखा घेतली तेव्हा शेजारची बेरिल म्हणाली, "अगं, लहान मुलांची घे की. गोड असतात."

"लहान मुलांना आया असतात," गेनॉर म्हणाली. "मोठ्यांना कोण विचारतं?"

वर्षभर तिने मान मोडून अभ्यास केला. औषधाचे हिशेब करता करता दोनदा रडली, पण जमवले. शरीरातल्या हाडांची नावं तर ती भाजी नीट करताना बडबडायची. राहिली शेवटची तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. कॉलेजात एक खोटा वॉर्ड होता, त्यात खरी खाट, आणि खाटेवर भाड्याने आणलेला पेशंट, म्हणजे आमचा सिरिल. सिरिल गावातल्या हौशी नाटकमंडळीत काम करायचा आणि जन्मात त्याला मोठी भूमिका मिळाली नव्हती. त्यामुळे मिळेल त्या खाटेवर तो जीव तोडून आजारी पडायचा.

प्रसंग साधा होता. पेशंटचं थोड्या वेळात ऑपरेशन आहे, तो घाबरलाय, त्याची नाडी बघा, रक्तदाब बघा, धीर द्या. खाटेच्या वर ठसठशीत पाटी, 'तोंडावाटे काहीही देऊ नये.' गेनॉरने ती पाटी वाचली, मोठ्याने वाचली. नाडी बरोबर, रक्तदाब बरोबर. मग सिरिलने ओठ थरथरवून पहिला हुंदका दिला, आणि गेनॉरचे पाय आपोआप कोपऱ्यातल्या किटलीकडे वळले. ही किटली परीक्षकांची. रडणारा माणूस आणि किटली एका खोलीत असली की आमच्याकडे दुसरा विचारच कुणाच्या मनात येत नाही. सिरिलच्याही आला नाही. सकाळपासून रडून त्याचा घसा कोरडा पडला होता. त्याने कप घेतला आणि गटागटा प्यायला.

"क्लेग," परीक्षक हेगर्टीबाई म्हणाल्या. पूर्वी मोठ्या वॉर्डच्या मुख्य नर्स होत्या, आवाज असा की खोटे पेशंटसुद्धा सरळ झोपायचे. "तुम्ही आत्ता ह्या माणसाला मारलंत."

हे ऐकताच सिरिलच्या अंगात वीज शिरली. गळा धरून तो उठून बसला, परत आडवा झाला, परत उठला, शेजारचं कपाट लाथेने पाडलं, "सांगा माझ्या बायकोला..." म्हणत एकदाचा मेला, आणि मग एक डोळा उघडून किती छान झालं ते बघितलं.

"पुन्हा एक संधी," हेगर्टीबाई म्हणाल्या. "तेव्हाही चहा दिलात, तर गाशा गुंडाळा."

गेनॉरचं धाबं दणाणलं. वर्षभराची मेहनत, आणि ती एका किटलीपायी पाण्यात जायची! तिने घरी सराव धरला. ट्रेव्हरला कोचावर आडवं केलं.

"रड."

"कशाला?"

"तुझं ऑपरेशन आहे. पित्ताशयाचं."

"मला पित्ताशय आहे?"

"सगळ्यांना असतं, मूर्खा! रड आता."

ट्रेव्हरने तोंड वेडंवाकडं करून 'ऊं ऊं' केलं. गेनॉर हात मांडीखाली दाबून बसली. थोड्या वेळाने तो उठला आणि म्हणाला, "झालं माझं रडून. आता चहा टाक की."

खरी कसोटी लागली ती बेरिलपुढे. तिचा लाडका पोपट गेला. डोळे लाल करून ती दारात आली. आमच्या गल्लीत अशा वेळी माणूस खुर्चीपर्यंत पोहोचायच्या आत किटली शिट्टी मारायला लागते. गेनॉर म्हणाली, "किती वाईट झालं गं, बेरिल," आणि हात मांडीखाली घालून बसली. बेरिलने किटलीकडे बघितलं. गेनॉरने बेरिलकडे बघितलं. बेरिलने खाकरून पुन्हा किटलीकडे बघितलं. गेनॉर जागची हलली नाही. शेवटी बेरिल उठली, नाक मुरडलं आणि चालू पडली.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की क्लेग मंडळींचं काहीतरी बिनसलंय. कुणी म्हणे ट्रेव्हरची नोकरी गेली, कुणी म्हणे वीज तोडली, कुणी म्हणे तो पळून गेला. तो तर स्वतःच्या अंगणात कुंपण रंगवत होता! दुसऱ्या दिवशी पायरीवर चहाच्या पुड्यांची रास. दयेने ठेवलेल्या. एकीने तर साखरसुद्धा. बेरिलने मात्र काही ठेवलं नाही. "कॉलेजात गेली आणि शिंगं फुटली," असं ती रस्त्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, आणि गेनॉरला ते फार लागलं. बेरिल तिची चांगली मैत्रीण होती.

फेरपरीक्षेच्या दिवशी गेनॉर वॉर्डात शिरली तर कोपऱ्यात किटली नुकतीच उकळून वाफ सोडत होती. हेगर्टीबाईंनी मुद्दाम लावली होती. काय म्हणावं ह्या बाईला!

सिरिल तर ह्या वेळी तयारीनेच आला होता. डोळ्यांखाली काजळी फासून, केस विस्कटून. नाडी झाली, रक्तदाब झाला, आणि त्याने गळाच काढला. "एक घोट चहा दे गं, पोरी. फक्त एक घोट."

गेनॉरचे हात शिवशिवले. तिने ते एप्रनमध्ये घट्ट धरले. "नाही, सिरिल. तुम्हाला बेशुद्ध करतील तेव्हा पोटातलं वर येऊन छातीत जाऊ शकतं. ओठ ओले करून देते, चालेल?"

तिने कापडाचा तुकडा पाण्यात बुडवून, पिळून त्याच्या ओठांवर हलकेच फिरवला. ठरल्याप्रमाणे इथे सिरिलने "आता बरं वाटतंय" म्हणायचं, की परीक्षा संपली.

सिरिलने ते वाक्य सोडलंच. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "माझ्या बायकोनेही, डॉरीनने, हेच मागितलं होतं. ऑपरेशनला आत नेण्याआधी. एक घोट. मी तिच्यावर खेकसलो. म्हटलं, बाहेर आलीस की भरून कप देतो, आता गप्प पड."

गेनॉरने कापड खाली ठेवून हात पुन्हा एप्रनमध्ये घट्ट धरले. काजळी गालावर ओघळायला लागली होती.

"बाहेर आलीच नाही," सिरिल म्हणाला.

"तुम्ही बरोबरच केलंत, सिरिल. द्यायचा नव्हताच."

"ते मला ठाऊक आहे गं. ठाऊक असून काय करू मी?"

गेनॉरला त्या म्हाताऱ्याची फार माया आली. एप्रनमधले हात सुटले, आणि पहिल्यांदाच ते किटलीकडे गेले नाहीत. तिने त्याचा हात हातात घेतला.

घंटी वाजली.

"क्लेग, वेळ संपली," हेगर्टीबाई म्हणाल्या. "चला. पुढची मुलगी बाहेर उभी आहे. थांबलात तर मला गुण कापावे लागतील, आणि तुमच्याकडे कापायला फारसे नाहीत."

"कापा, बाई," गेनॉर मान न वळवता म्हणाली. "ह्यांचं रडणं अजून संपलं नाही."

हेगर्टीबाई दाराशी गेल्या आणि पुढच्या मुलीला बाहेरच थांबायला सांगितलं. गुण त्यांनी कापले ते कापलेच, त्या नियमाच्या पक्क्या. तरी गेनॉर काठावर का होईना पास झाली आणि सप्टेंबरात पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसली. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी तिला वाटत होतं की आपण गेलो, परत कँटीन.

सिरिल बाहीने नाक पुसत म्हणाला, "मला जरा वेळ लागेल गं."

"लागू दे," गेनॉर म्हणाली, आणि तिने खुर्ची खाटेजवळ ओढली.