कापसाची बंडी पाण्याखाली

अकोला-अमरावतीकडचा माणूस आणि पाण्याखाली थंडी वाजते म्हणतो, हे ऐकलं की लोक हसतात. अरे, तुमच्याकडे मे महिन्यात डांबर वितळतं! वितळतं ना, मी कुठे नाही म्हणतो? पण धरणाच्या तळाशी मे महिना पोचत नाही. तिथे अंधारात एकाच जागी बसून गंजलेले बोल्ट सोडवून बघा, मग हसा.

माझं काम तेच. धरणांची दारं पाण्याखालून तपासायची, जाळीत अडकलेली लाकडं काढायची, ढिलं झालेलं आवळायचं. पाठीवर सिलिंडर, कमरेला दोर आणि अंगावर ड्रायसूट. मानेशी आणि मनगटांशी घट्ट रबर असतं, म्हणून आत पाणी शिरत नाही. लोकांना वाटतं, झालं, आता ऊबच ऊब. कसली ऊब! सूट फक्त पाणी अडवतो. थंडी अडवते ती आतल्या कपड्यांत अडकून राहिलेली हवा. खोल गेलं की पाणी सूट दाबतं, हवा चपटी होते, मग छातीवरचं बटण दाबून सिलिंडरमधली थोडी हवा आत घ्यायची. आणि अंग कोरडं पाहिजे. घाम आला की सगळं मुसळ केरात. हे मला नीट शिकवलं होतं, आणि परीक्षेत मी नीट लिहिलंही होतं.

घर आमचं दर्यापूरकडे, काळ्या जमिनीत. आईचा धाकटा भाऊ पूर्णेत बुडून गेला तेव्हा तिचं लग्नही व्हायचं होतं. तेव्हापासून ती नदीच्या काठाला गेलेली नाही. पुलावर बस आली की डोळे मिटून घेते. आणि तिच्याच पोटी मी असा निघालो! नोकरीचं मी घरी सांगितलं. दोन दिवसांनी ती म्हणाली,

"जाय बाबू. पन सांगून ठेवते, पान्यातून थंडा पडून घरी आला ना, तं तो तुया नोकरीचा शेवटचा दिवस. मंग मी कोनाचं आयकनार नाई."

बुडण्याबद्दल एक अक्षर नाही. नुसती थंडी. आधी मला हसू आलं, पुढे पुढे राग यायला लागला. फोन केला की "जेवला का?" आणि लगेच "थंडी तं नाई वाजून राहिली?" अगं माय, खाली डोळ्यासमोर धरलेला हात दिसत नाही, दोर अडकतो, ते विचार ना! नाही. ते कधीच विचारलं नाही.

एका हिवाळ्यात तिने घरच्या कापसातला चांगला पांढराशुभ्र कापूस बाजूला काढला. अकोल्याला जुन्या शहरात बहिणीकडे गेली तेव्हा तिथल्या दुकानातून पिंजून आणला आणि माझ्यासाठी बंडी शिवली. टाके इतके बारीक की बघत राहावं.

"आंगाले लागून घालजो. तुया कंपनीचा तो कपडा वरून घाल."

"माय, आंगाले लागून कापूस नाई चालत म्हनतात."

"कोन म्हनते? कापसाहून गरम काय असते, सांग बरं? तुया सायबानं कापूस पाह्यला तरी हाये का कधी?"

इथे माझंही रक्त उसळलं. आमचा प्रमुख कोकणातला. त्याने कापूस पाहिला असेल तर औषधाच्या दुकानात. आम्ही पिढ्यान्पिढ्या कापूसवाले, आणि कापूस आम्हाला हा शिकवणार? बंडी पिशवीत टाकली आणि निघालो.

काम होतं वरुडकडच्या एका धरणावर. शेंदूरजनाघाटची संत्र्यांची गाडी समोर आडवी आली म्हणून आधीच उशीर झालेला. घाईघाईत सूट चढवला, आत बंडी. पण धरणातून खाली सोडतात ते पाणी बंद केल्याचा निरोप आल्याशिवाय उतरायचं नाही, असा नियम. निरोप काही येईना. धुकं गेलं, ऊन चढलं, आणि मी भिंतीवर रबरात बांधलेला. पाठीवरून घामाच्या धारा. बंडी बिचारी सगळा घाम पीत राहिली, दुसरं काय करणार?

उतरलो तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. मग तळाशी काम सुरू केलं आणि पाठीला कोणी ओलं पोतं चिकटवावं तसं झालं. बटण दाबून हवा घेतली, काही फरक नाही. ओल्या कापसात हवा राहते कुठे? दात वाजायला लागले. तोंडातली नळी दातांनीच धरायची असते, तेव्हा दात वाजणं ही गंमत नाही. पाना धरलेली बोटं मिटेनात, मिटली तर उघडेनात. मी घाबरलो, सरळ सांगतो. दोर हिसडून वर आलो.

प्रमुखाने सूट उघडला आणि बघतच राहिला. "अरे मेल्या, हे काय? गादी घालून उतरलास?" मग हसणं थांबवून म्हणाला, "परवा तेच काम पुरं करायचंय. कोरडा उतरणार असशील तर ये. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

म्हणजे इकडे साहेब काढणार, तिकडे आई. घरी पोचलो तर तिने आधी हातच धरला.

"थंडी वाजली?"

"वाजली! तुया बंडीनंच वाजली!" मी सगळं ओरडूनच सांगितलं. घाम, ऊन, पाना, दात, सगळं.

तिने पिशवीतून बंडी काढली. अजून ओलीच होती. बराच वेळ मांडीवर घेऊन दाबून बघत राहिली.

"दवाचा कापूस आमी येचत नाई," ती म्हणाली. "ऊन पडेपर्यंत वावराच्या धुऱ्यावर बसून राहतो. ओलं बोंड घरात घेत नाई. अन् तुया आंगावर मीनंच ओला कापूस घातला रे."

मी वाट बघत होतो, आता म्हणेल, नोकरी सोड. ती म्हणाली, "परवा मी येते."

खरंच आली. पुलावर डोळे मिटून, पण आली. धरणाच्या भिंतीवर पाण्याकडे पाठ करून बसली आणि धुऊन सुकवलेली बंडी उन्हात पसरली. मी आत पातळ, घाम न पिणारा बनियन आणि वर कंपनीचा कपडा घातला. सूट निरोप येईपर्यंत कमरेपर्यंतच ठेवला. निरोप आल्यावरच मानेचं रबर ओढून घेतलं.

खाली पाणी तेच, अंधार तोच. पण अंग कोरडं होतं. थोडी थोडी हवा घेत राहिलो, बोटं सांगितलेलं ऐकत होती. शेवटचा बोल्ट आवळला आणि आरामात वर आलो.

वर आलो तर आई काठाशी उभी. तोंड पाण्याकडे. प्रमुखाने तिला सांगितलं होतं, मावशी, बुडबुडे येतायत तोवर तुमचा मुलगा श्वास घेतोय. त्यानंतर तिने तिथून नजर हलवली नाही म्हणे.

माझा सूट उतरताच तिने तापलेली बंडी माझ्या अंगात घातली. फार बरं वाटलं, अगदी खरं सांगतो. मग तिने माझा हात घेऊन आपल्या गालाला लावला.

"त्याले नदीतून काढलं तवा मी असाच हात धरला होता," ती म्हणाली. "माह्यी चादर टाकली त्याच्यावर. लय घासले बाबू त्याचे हात. लोकं म्हने, सोड आता. गरमच नाई झाले."

इतकी वर्षं फोनवर ती काय विचारत होती, ते आत्ता कळलं.

"तुया गरम हाये," ती म्हणाली. आणि माझा दुसरा हात मागितला.