डायरेक्टिव्ह म्हणजे सूचना

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला मी आंतरराष्ट्रीय कायद्याचा पेपर घेतला. त्यात युरोपातल्या सामायिक बाजाराचं एक प्रकरण होतं. दहा-बारा देशांनी मिळून केलेला तो कायदा रत्नागिरीत बसून शिकणारे आम्ही तिघंच. शिकवणारे वकील कोर्टात जाण्याआधी यायचे, कायम घाईत असायचे आणि सगळं मराठीत आणून सोपं करून टाकायचे. "रेग्युलेशन म्हणजे हुकूम, तो थेट लागू. डायरेक्टिव्ह म्हणजे सूचना, ती फक्त सरकारांना." मी वहीत तसंच उतरवलं. आता आमच्याकडे सूचना म्हणजे काय, तर एस.टी. स्टँडच्या भिंतीवर 'येथे थुंकू नये' असं लिहिलेलं असतं ती. लोक नेमके तिथेच थुंकायचे.

माझ्या मामाची जवळच्याच पावस गावात आंब्याच्या रसाची छोटी कॅनिंग फॅक्टरी होती. वीस वर्षं मुंबईच्या व्यापाऱ्यांना डबे दिल्यावर त्या साली त्याला पहिल्यांदा युरोपची ऑर्डर मिळाली, आणि तो गावभर सांगत सुटला. ही खेप नीट पोचली तरच पुढची मिळणार होती. मे महिन्यात खरेदीदाराचं पत्र आलं. ते घेऊन मामा तडक आमच्या घरी आला.

"वाच गो बाय. कायद्याचं कायतरी लिवलंय. माझ्या डोक्यावरून गेलं."

अमुक डायरेक्टिव्हप्रमाणे, डब्यात रसाबरोबर जे जे घातलं असेल ते सगळं लेबलावर आमच्या भाषेत छापा, असं पत्रात होतं. मामाची लेबलं तर छापून आली होती. त्यांवर एक पिवळाधमक हापूस आणि फॅक्टरीचं नाव, बस.

"ही सूचना आहे मामा, त्यांच्या सरकारांना. आपल्याला लागू नाही."

"म्हणजे लेबलं बदलायला नकोत?"

"काही गरज नाही."

मामाने माझ्या पाठीवर थाप मारली. मला केवढं मोठं झाल्यासारखं वाटलं म्हणून सांगू!

परीक्षा जवळ आली तेव्हा कुठे मी ग्रंथालयातलं मूळ पुस्तक उघडलं. सूचना सरकारांनाच होती, हे खरं. पण ती पाळणं सरकारांना भाग होतं. प्रत्येक देशाने ठरल्या मुदतीत आपापला कायदा करायचा, आणि मग त्या कायद्यात न बसणारा माल त्या देशात विकताच यायचा नाही. डबे अजून पावसलाच होते. ट्रक निघायला चार दिवस होते.

चार दिवसांत मी चारदा पावसच्या गाडीत बसायला निघाले आणि चारदा परत फिरले. अभ्यास आहे, ऊन आहे, त्या देशाने अजून कायदा केलाच नसेल. सगळ्या सबबी खोट्या. ज्या मामाने पाठीवर थाप मारली त्याच्यासमोर 'मी चुकले' म्हणायची मला लाज वाटत होती.

ट्रक निघायच्या सकाळी मामाने निरोप पाठवून मला बोलावून घेतलं. "नारळ भाचीच्या हातून वाढवायचा," तो सगळ्यांना सांगत होता. डबे भरणाऱ्या बायका पदर सावरून उभ्या होत्या. ट्रकच्या चाकाशी मी नारळ वाढवला. तो एका फटक्यात फुटला तेव्हा सगळे खूश झाले. मी खोबऱ्याचे तुकडे वाटत सुटले. तेव्हाही सांगता आलं असतं.

मग नुसती वाट पाहणं. मामा रोज पोस्टात जाऊन यायचा आणि "काही नाही म्हणजे बरंच आहे," म्हणायचा. मी मान डोलवायचे. परीक्षेत डायरेक्टिव्हवरच प्रश्न आला. मी उत्तर अचूक लिहिलं.

पत्र ऑगस्टमध्ये आलं. लेबलांपायी माल बंदरातच अडवला होता, आणि परत न्यायचा नसेल तर तो नष्ट करणार होते. या वेळी मामाला ते वाचून दाखवावं लागलं नाही.

"तुझ्या पुस्तकात हे नव्हतं ना गो?" त्याने विचारलं.

"नव्हतं," मी म्हणाले.

"मग तू तरी काय करणार," मामा म्हणाला, आणि उलट माझीच समजूत घालत बसला. पुढे तो वारला, तोवर खरं काय ते मी त्याला सांगितलं नव्हतं.