थरथरणारी फळी आन् माझा डावा पाय

लकव्याचा झटका आला तवा मी कंपनीत डबा खात व्हतो. समोरच्याला म्हणतोय, "भाजी भारी झालीय." त्याला ऐकू आलं, "बब्ब बब्ब." तो म्हणला, "राव, जेवताना तरी नकला बंद कर." सगळे हसले. मी बाकावरनं खाली पडलो तरी दोघं हसतच व्हते. वीस वर्षं नकला केल्यावर दुसरं काय व्हणार?

तीन-चार महिन्यांत बोलणं आलं, हात आला. डावा पाय अंगाला व्हता, पण शेजाऱ्यानं ठेवायला दिल्यासारखा. चिमटा काढला तरी कळायचं न्हाई. चाकणला माझ्या प्रेस मशीनचं पायडल डाव्या पायाला हाय. पाय पायडलवर हाय का न्हाई हे कळलं न्हाई, तर हात आत आसतानाच मशीन दाबलं जायचं. कंपनीनं सांगितलं, पायाला कळतंय असा कागद आणा, मगच आत.

आकुर्डीला आमच्या घरापाशी पंक्चरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर फिजिओथेरपीच्या मॅडम बसत्यात. त्यांच्याकडं एक फळी व्हती, वजनकाट्यासारखी. वर उभं ऱ्हायचं, दांडा धरायचा, गुडघे जरा वाकवायचे. बटण दाबलं की टाळूपर्यंत सगळं थरथरतं. "यानं पायाला जाग येईलच असं नाही, काका. पण येऊ शकते," मॅडम म्हणायच्या.

मी म्हणलं, "कंपनीत वीस वर्षं असाच थरथरतोय. मला डोळं झाकून आवाजावरनं कळतं कोणतं मशीन कसं चाललंय."

रोज त्या विचारायच्या, "डाव्या पायाला काय कळतंय?"

"ओके हाय."

आमची सवय ती. शिफ्ट सुटायच्या टायमाला साहेब विचारतो, शेवटचा पीस बघितला का? आमी न बघता ओके. तसाच पायबी पास केला.

कागदाच्या दिवशी बायको संगं आली. मॅडमनी माझा उजवा पाय स्टुलावर ठेवला, डावा एकटा फळीवर. म्हणल्या, "डोळे मिटा. थरथर कळली की सांगा."

मी डोळं मिटलं आन् कान उघडं ठेवलं. जरा वेळानं घर्र झालं.

"आलं! पार गुडघ्यापर्यंत आलं, मॅडम!"

मी अजून जोर लावला, "लई जोरात हाय, जरा कमी करा."

बायको म्हणली, "अवो, डोळं उघडा. खाली पंक्चरवाल्यानं हवेचं मशीन लावलंय."

मॅडमचे दोन्ही हात टेबलावर व्हते. बटणाला बोटसुदिक लावलं नव्हतं.

हसायला पायजे व्हतं. दुसऱ्या कुणाचं आसतं तर मी महिनाभर गेटवर सांगत फिरलो असतो. बायकोबी हसली न्हाई. वाईट वाटायची वाट बघितली, तेबी आलं न्हाई. काळीजबी डाव्याच बाजूला असतं म्हणत्यात.

मॅडम म्हणल्या, "काका, खोटा कागद दिला तर तुमचा हात जाईल. आता खरं सांगा."

मग त्यांनी कापसाचे बोळे माझ्या कानात घातले. मी डोळं मिटलं. त्या बटण दाबून खांद्यावर टिचकी मारणार, थरथर कळली का ते मी सांगायचं.

टिचकी. "न्हाई."

टिचकी. "न्हाई, मॅडम."

टिचकी. टाच फळीवर हाय का हवेत, तेच कळंना. "न्हाई."

त्या दिवशी माझी सगळी उत्तरं बरोबर आली.

मॅडमनी कागद लिहिला. मला वाचता येत न्हाई, बायकोनं वाचला. मोठ्यानं न्हाई वाचला. घडी घातली आन् माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवला. घरनं निघताना दुसरी पिशवी तिला घावली नव्हती.

"उद्या किती वाजता यायचं?" तिनं मॅडमला विचारलं.

मी फळीवरच उभा व्हतो. उतरताना कोणता पाय आधी टाकायचा, ते बघत व्हतो.